बाईंनी तपासायचं राहिलेलं पेरणीचं गणित

फोन आला तेव्हा रविवार होता आणि पोरं माझ्या वर्कशॉपात बाईंची वाट बघत बसलेली. नाशिकच्या दवाखान्यातून मुलगा बोलत होता. "आप्पा, आई गेली." नववीतल्या वैशालीनं विचारलं, "बाई कधी येणारेत तपासायला?" "घरी जा," एवढंच म्हणालो.

बाई म्हणजे माझी बायको, सुमन. सायखेड्याकडच्या आमच्या गावात सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ती शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची. मी चौथी शिकलेला, शेतीची औजारं बनवणारा. रिटायर झाल्यावर ती रविवारी पोरं इथंच आणायला लागली. नांगराच्या फाळावर कोन शिकवायची, ट्रॅक्टरच्या जॅकवर दाब. मी ओरडायचो, "बाई, इथं ठिणग्या उडतात!" ती म्हणायची, "फळ्यापुढं झोपतात, इथं निदान जागी तरी राहतील."

यंदा शेजारच्या नानांनी आपलं पेरणीयंत्र पोरांच्या हवाली केलं. "तुम्ही वीस किलोला लावून द्या, मी तसाच गहू पेरतो." पोरांनी नळ्यांना पिशव्या बांधल्या, चाक हातानं फिरवलं, पडलेला गहू तोलला आणि बी सोडायचा खटका कुठं ठेवायचा ते हिशेबानं ठरवलं. बाई दवाखान्यात जाताना म्हणाली, "मी आल्यावर तपासते, तोवर पेरू नका."

ती आलीच नाही...

चौदावा झाला आणि नाना दारात. "आप्पा, ओल उडून चालली. आता थांबता येणार नाय." मला साधा भागाकार येत नाही, मी काय तपासणार? बी कमी पडलं तर नाना गावभर बोंबलणार आणि पुढच्या रविवारी एकही आई पोराला पाठवणार नाही. बाई गेली, आता तिचा वर्गही माझ्या डोळ्यांदेखत मोडणार, हेच डोक्यात.

पेरणीला पोरं बांधावर आली. नानांनी ट्रॅक्टर चालू केला आणि म्हणाले, "चला, बिघ्याला वीस किलो!"

वैशाली ट्रॅक्टरला आडवी आली. "नाना, बिघ्याला? तुम्ही एकराला म्हणाला होता ना?"

"मी जन्मात एकरानं बोललो का गं!"

आमच्याकडं जुनी माणसं बिघ्यानं बोलतात, आणि बिघा म्हणजे अर्धा एकर. नाना नुसतं 'वीस' म्हणाले, पोरांनी शाळेतला एकर धरला. निम्मंच बी पडलं असतं.

पुन्हा पिशव्या, पुन्हा चाक, पुन्हा काटा. नाना वैतागले, "बास की आता!" वैशाली म्हणाली, "अजून एकदा." नाना पुटपुटले, "ही तर बाईंच्या वरताण निघाली."

गहू उगवलाय. दाटी बरोबर आहे म्हणतात. तरी मी रोज सकाळी बघून येतो, जीव राहत नाही.

मागच्या रविवारी पोरांनी फवारणीचा पंप खोलला. खिडकीजवळच्या स्टुलावर बाई बसायची, गेल्यापासून तिथं कुणी बसलं नव्हतं. वैशाली पाण्याचं माप घेऊन सरळ तिथं जाऊन बसली. "ऊठ" म्हणायला मी तोंड उघडलं... पण मापावरचे बारीक आकडे दिसायला उजेड तिथंच येतो.