राखणदाराचं पान आणि अस्वलाचा डबा

"अहो, पान! मागे पान ठेवलंय मी!"

असं ओरडणारच होते मी. मी नळाशी, हातात बाटली, पाणी नुसतं वाहतंय... आणि समोर आमच्या तंबूमागे अस्वल. खरंखुरं, काळंकुट्ट. तंबूत माझी पोरगी झोपलेली, मीरा, अडीच वर्षांची. आणि दारात खुर्चीवर तिचे बाबा — चक्क घोरतायत!

थांबा, नीट सांगते. घाईत माझं सगळं उलटंपालटं होतं.

माझं माहेर गुहागरकडचं. आमच्याकडे प्रत्येक चिंचेवर कोणीतरी बसलेलं असतं म्हणतात. मी त्याच झाडाखाली चिंचा खाऊन मोठी झाले, मला कधी कोणी दिसलं नाही. हसायचे मी सगळ्यांना. दहावीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, आता टोकियोत फुनाबोरीला असतो आम्ही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही म्हणजे नाहीच.

तर ह्यांना ऑफिसातल्यांचं बघून कॅम्पिंगचं खूळ लागलं. नागानोच्या डोंगरात जायचं. तिथे अस्वलं, म्हणून जेवण ठेवायला स्पेशल वस्तू लागते. दुकानात ह्यांनी एक जाड कापडाची पिशवी धरली. "हलकी आहे गं, अस्वलाच्या दातांनीपण फाटत नाही."

"फाटत नसेल, पण आतल्या पोळ्यांचा चुरा होईल त्याचं काय? आणि पिशवीच उचलून नेली तर?"

शेवटी माझ्या पसंतीचा डबा घेतला. टणक प्लॅस्टिकचा, दळणाच्या डब्यासारखा गोल, गुळगुळीत. अस्वलाला धरताच येत नाही म्हणे. झाकणाच्या खिट्ट्या नाण्याने फिरवायच्या, बोटांनी जाम उघडत नाही. हे म्हणाले, "आणि हा पाठीवर कोण वाहणार?"

"तुम्ही."

झालं!

कॅम्पवर गेल्या गेल्या तिथले म्हातारे मॅनेजर ओजीसान म्हणाले, वास येणारं सगळं डब्यात. टूथपेस्ट, पोरीचं क्रीमसुद्धा. आणि डबा तंबूपासून लांब. ह्यांनी मला मराठीत परत दोनदा सांगितलं. मी म्हटलं, कळलं हो!

पण आमच्याकडे काय, नव्या जागेत जेवायला बसलं की आधी त्या जागेच्या राखणदाराला पान काढायचं. ती सवय हातातच आहे, त्याला विश्वास लागत नाही. मी तिथलंच एक मोठं पान धुतलं, त्यावर दहीभात, वर साजूक तुपाची धार, आणि तंबूमागच्या झाडाखाली गुपचूप ठेवून आले. ह्यांना सांगितलं असतं तर लेक्चर ऐकावं लागलं असतं. आणि माझ्या डोक्यात वास म्हणजे मासे-मटण... दहीभाताला कसला आलाय वास?

मग आम्ही जेवलो. उरलेलं सगळं डब्यात भरलं, ह्यांनी नाण्याने खिट्ट्या लावल्या, नाणं खिशात टाकलं आणि डबा पार त्या दगडांपलीकडे ठेवून आले. त्यानंतर मी मागे जाऊन पानाला नमस्कार केला. पान होतं तिथे. तूप चमकत होतं. हे मी शपथेवर सांगते.

मीरा झोपली, हे पहाऱ्याला बसले, मी पाण्याला गेले. आणि वळून बघते तर...

पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हळू आवाजात बोलायचं, असं ओजीसाननी सांगितलेलं. आता अस्वलाशी काय बोलणार? माझ्या तोंडून निघालं, "सुमिमासेन... सुमिमासेन..." आणि वर कंबरेतून वाकले पण! कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, कोणाला धक्का लागला की माफी मागतो ना, तसं.

अस्वलाने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ त्या झाडाखाली गेलं. हुंगलं, पाचोळा उकरला, पुन्हा हुंगलं. तंबूचं कापड त्याच्या पाठीला लागत होतं हो, आणि त्या कापडाच्या आत माझी पोर! पण त्याला काहीच मिळालं नाही. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं इकडेतिकडे बघत उभं राहिलं... आणि गेलं बांबूत निघून.

मी कशी धावले मला माहीत नाही. मीराला उचललं. हे दचकून उठले, "काय झालं? चहा झाला?"

ओजीसान घंटी वाजवत आले. झाडाखाली ना पान, ना भाताचं शीत. त्यांनी सगळ्यांना लगेच सामान आवरून खाली हॉलमध्ये जायला सांगितलं. तिथे मीराला भूक लागली म्हणून ह्यांनी दगडांपलीकडून आणलेला डबा खिशातलं नाणं काढून उघडला.

वरतीच पान. व्यवस्थित घडी घातलेलं. आत दहीभात, वर तूप.

"हे कधी ठेवलंस?"

"मी नाही ठेवलं हो..." आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्यांना तर पानाचा पत्ताच नव्हता! हे हसायलाच लागले. "तुझा राखणदार पक्का जपानी निघाला. तुला कळत नाही म्हणून स्वतः उचलून डब्यात ठेवलं त्याने!"

मला हसूही येईना, रडूही थांबेना. कुणी ठेवलं? बंद डब्यात गेलं कसं?

पण मला विचारायचंय ते वेगळंच. हे म्हणाले, पिशवीत बांध, घरी नेऊन कचऱ्यात टाकू. मी म्हटलं, काढलेलं पान कचऱ्यात कसं टाकायचं? तेवढ्यात मीराने हात पुढे केला, "मम्मा, कोरे ताबेरु!" मी हे खाणार म्हणून. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे... आणि मी तिचा हात धरला नाही. सगळं खाल्लं तिने, बोटं चाटून. काही झालं नाही, उड्या मारतेय नुसती. पण त्या रात्री मी तिच्या पोटावर हात ठेवूनच पडले होते.

खरं सांगा, तुमची पोर असती तर तुम्ही दिला असता तो भात?