हात सुजला त्या दुपारी

कडुनिंबाचा पाला वाटल्याचा वास आला की माझा सुजलेला हात आठवतो. लग्नाचं पहिलंच वर्ष, आणि कापूस वेचण्यात माझ्यापुढं कोण, असा माझा तोरा! बाभळीचा काटा शिरला आणि बोटं मिटेनात. आता माहेरी धाडतात, या धास्तीनं मी रडत होते. सासूबाई रोज भर दुपारी काम थांबवून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून, देवाचं ध्यान करत. त्यांनी मला शेजारी बसवलं. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, मी आता काय कामाची?" "काहून व, देवानं का नुसते हातच धाडले माह्या घरी? बस गुमान." मी बसले, पण एक डोळा उघडून बाकीच्या बायांच्या कापसानं भरलेल्या ओट्या बघत राहिले, शहाणी! आता सून मला काडी उचलू देत नाही. दुपारी डोळे मिटते, सासूबाईंचं बोलणं पटतंही. तरी कान स्वयंपाकघराकडेच, कुणी हाक मारतं का म्हणून.