पाकिटातलं दुसरं मत

हे मी कोणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगते ते हलकं वाटावं म्हणून नाही. हलकं का वाटावं मला?

नागपुरातल्या एका मनोविकारांच्या दवाखान्यात मी मुलाखती घेते. आमचा नियम असा — पेशंटने आधी कॉम्प्युटरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, मग माझ्याशी बोलायचं. मी कॉम्प्युटरचं निदान न बघता माझं लिहायचं, पाकिटात बंद करायचं. डॉक्टर दोन्ही ताडून बघणार. एक चुकला तर दुसरा पकडेल.

मी आधी बघायची. रोज. माझं वेगळं निघालं की डॉक्टर भुवई उचलायचे, आणि ती भुवई मला सोसत नव्हती. एवढंच कारण. याहून मोठं शोधू नका.

मग ती वाडीची बाई आली. नाव सांगत नाही — तेवढी लाज आहे मला. नवरा जाऊन दोन महिने झालेले, शिवणकामावर घर चालवायची. म्हणाली, “ते मले हाक मारून राहिले, मॅडम. चाय मांड म्हणते.” आणि हसली. न दिसणाऱ्या माणसाचा आवाज येतो का, या प्रश्नाला तिने हो म्हटलेलं. कॉम्प्युटरने मोठा आजार लिहिला. त्याला चहाचं काय कळणार? पण मला कळलं होतं ना! हे दुःख आहे, आजार नाही — लख्ख कळलं होतं. तरी मी पाकिटात त्याचंच निदान टाकलं.

दोन्ही मतं जुळली, डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. वर्षभर जड गोळ्या. तिचे हात थरथरू लागले, सुईत दोरा जाईना. शिलाई मशीन विकली.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी चूक पकडली. आता दवाखान्यात सगळे मला ऐकवतात, यंत्र ते यंत्र, माणूस तो माणूस. डोंबलाचा माणूस. यंत्राने ऐकलं ते लिहिलं. मी ऐकलं एक आणि लिहिलं दुसरं. त्याच्या नावाने खडे फोडायचे असतील तर आधी माझ्या दारात या.

परवा तिच्या घरी गेले. गोळ्या सुटल्यात, हात अजून थरथरतात. चहा मांडता मांडता म्हणाली, “त्या कम्प्युटरवर माहा भरोसा नव्हता, मॅडम. पण तुमीबी तेच लिहिलं, म्हणून घेतल्या गोळ्या.”

मी कप घेतला. चहा प्यायले.