ओहोटीत टाकलेला गळ

लिहिण्याचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण आज इथे आखातात, महबूलाच्या किनाऱ्यावर ओल्या चिखलाचा वास आला आणि लहानपणची इथलीच वसंतातली एक रात्र आठवली.

बाळंतपणासाठी रत्नागिरीला गेलेल्या आईला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. तसं कळवणारा फोन ठेवून बाबा म्हणाले, "चल, मासे धरू." त्या दिवसांत मासे काठाशी येतात. पण बाबांनी भरतीची वेळ इथल्या नव्हे, कोकणातल्या आमच्या गावच्या हिशेबाने धरली होती. समोर नुसता चिखल होता आणि पाणी खूप लांब. तरीही कोंबडीचं पीस बांधलेला गळ ते सफाईने फेकत राहिले.

"काय रे, चिखलात मासे पेरतोस?" शेजारचे युसूफचाचा हसले.

"येईल पाणी. चंद्र तोच आहे ना?"

तेव्हा वाटलं, बाबांना कशाचीच भीती नाही. आता वाटतं, हात थांबले असते तर ते रडले असते.

पाणी पायांना लागलं आणि बाबांच्या खिशातला फोन पुन्हा वाजला. मामा इतक्या मोठ्याने ओरडला की मलाही ऐकू आलं, "भावोजी, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!"