म्हातारीची मागची सीट

दहाबोटे हे त्याचं आडनाव नव्हतं. ती शेडमधल्या लोकांनी दिलेली पदवी होती. चाळीस वर्षं त्यानं लष्कराच्या विमानांची इंजिनं उघडली आणि मिटली, पण नजरेवर कधी भरवसा ठेवला नाही. नजर चहाडखोर असते, तो म्हणायचा, उजेड पडेल तेवढंच सांगते. नट आवळून झाला, तो सुटू नये म्हणून त्याला बारीक तार बांधून झाली, की तो डोळे मिटून बोट फिरवायचा. तारेचे पीळ मोजायचा, टोक आत वळवलंय की बाहेर राहिलंय ते बघायचा. हो, बघायचा हाच त्याचा शब्द.

असा माणूस निवृत्त झाला की घरातल्या कड्याकोयंड्यांचे हाल होतात. महिनाभरात घरातला एक स्क्रू त्यानं स्वस्थ बसू दिला नाही. बायको शिवणकाम करायची. तिच्या मशिनाला हात लावला तेव्हा मात्र तिनं त्याला सरळ घराबाहेर काढलं. जा, एखादं विमान शोधा, ती म्हणाली. आणि त्यानं ते शोधलं.

महायुद्धातलं ते शिकाऊ विमान एका तंत्रशाळेच्या मागच्या आवारात पंचवीस वर्षं ऊनपाऊस खात पडलं होतं. पुढे पंखा, त्यामागे गोलात मांडलेले नऊ सिलिंडर आणि एकामागे एक अशा दोन सीटा. पंखांत पक्ष्यांनी संसार थाटलेले, इंजिनात उंदरांनी. जुन्या धावपट्टीच्या टोकाला पत्र्याची शेड मिळाली आणि तिथं अकरा वर्षं काम चाललं. भूगोलाचे एक निवृत्त मास्तर नोंदवही सांभाळायचे. दहाबोट्याची भाची शेजारच्या शाळेत लोकांना विमान उडवायला शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी इथं येऊन हात काळे करायची. तिची आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढं मामा-मामीनंच तिला वाढवलं. ही म्हातारी उडवायची तर तिनंच, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

विमानाला सगळे म्हातारीच म्हणत. तिचा एखादा भाग मोडला की मास्तर चष्मा कपाळावर चढवून तेच तेच म्हणायचे, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. अकरा वर्षांत त्या विनोदावर कुणी हसलं नाही आणि मास्तरांनी तो सोडला नाही.

शेडचा नियम दहाबोट्यानंच केला होता. ज्यानं तार बांधली त्यानं ती तपासायची नाही, दुसऱ्यानं बोट फिरवायचं. आणि ज्याचं बोट सगळ्यात शेवटी फिरलं, त्यानं पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचं. तपासणाऱ्याचा जीव गहाण पडला, की बोट खोटं बोलत नाही.

उड्डाणाच्या दोन महिने आधी एका दुपारी बायकोनं जेवताजेवता त्याचा हात धरला आणि उलटा केला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर टपोरे फोड होते. कधी भाजलं, तिनं विचारलं. त्याला सांगता येईना. सकाळी चहाचं भांडं त्यानंच उतरवलं होतं, फडक्याशिवाय.

डॉक्टरांनी साखर सांगितली. बोटांची जाण गेलीय, म्हणाले, आणि ती परत येईल अशी आशा ठेवू नका. घरी येताना बायको एवढंच म्हणाली की मास्तरांच्या कानावर घाला. घालतो, तो म्हणाला.

घातलं नाही. उद्या सांगू, या कामानंतर सांगू, असं करत दिवस गेले. शेडमध्ये तो आधीसारखाच डोळे मिटायचा, बोट फिरवायचा, आणि मग कुणी बघत नाहीसं पाहून बॅटरी मारून बघून घ्यायचा. पहिल्यांदा हे केलं त्या दिवशी त्याला घास गेला नाही. दुसऱ्यांदा अर्धी भाकरी गेली. पाचव्यांदा तो पोटभर जेवला. इंजिन चालू झालं, म्हातारी धावपट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दौडून आली, काही बिघडलं नाही. काळ सोकावतो म्हणतात तो असा.

पण विमानात एक जागा अशी होती, जिथं बॅटरी पोचत नाही. शेपटीच्या आत, एका आडव्या फळीच्या मागे. विमानाचं नाक वरखाली करणारी पोलादी दोरी तिथून जाते, आणि तिला ताण देणारा स्क्रू तिथं असतो. तो थरथरीनं उलटा फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना तार बांधायची. कोपरापर्यंत हात घातला तरच तिथं पोचतो, आणि तोही बारीक असेल तर. दोरी सुटली, तर खाली झुकलेलं नाक परत वर येत नाही. बस, एवढंच.

ती तार भाचीनं बांधली. उड्डाणाला दोन दिवस होते. तिनं हात बाहेर काढला, कोपर खरचटलेलं, आणि म्हणाली, "मामा, आता तू."

त्यानं डोळे मिटून हात आत घातला. गोधडीवरून चाचपावं तसं लागलं. काहीतरी होतं. पीळ असावेत. टोक असावं. आपली सगळी जन्मभराची विद्या त्या अंधारात उभी करून तो बराच वेळ तसाच थांबला. मास्तर नोंदवही उघडून पेन घेऊन उभे होते.

"आहे," तो म्हणाला, आणि सही केली.

उड्डाणाच्या सकाळी वारा पडलेला होता. धावपट्टीवरची वाऱ्याची पिशवी काठीला चिकटून लोंबत होती. चाळीसएक माणसं आली होती, खुर्च्या मांडल्या होत्या, किटलीतून चहा फिरत होता. बायको पहिल्यांदाच शेडवर आली. तिनं त्याच्यासाठी जाड कापडाचा कोट शिवला होता; वर गार असतं म्हणे.

थंड इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल साचतं, म्हणून आधी पंखा हातानं फिरवून काढला. मग भाचीनं इंजिन चालू केलं. म्हातारी खोकली, निळा धूर ओकली आणि गरजू लागली. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. दहा मिनिटं तापवून भाचीनं ती बंद केली आणि खाली उतरली, शेवटची एक फेरी मारून बघायला. इंजिनाखाली तेलाचा थेंब पडला. कुणीतरी भीतभीत विचारलं, गळतंय का? मास्तर म्हणाले, गळतंय तोवर आत आहे, गळायचं थांबलं की घाबरा. लोक हसले. भाची कोटाकडे बघून म्हणाली, मामा, एवढा कोट घालून बसलास तर म्हातारी उठेल का? तोही हसला. धुराड्याच्या नळीवर हात टेकून मास्तरांशी बोलत राहिला.

बायको खुर्चीवरून उठली आणि घाई न करता त्याच्याजवळ आली. त्याचं मनगट धरलं आणि हात नळीवरून उचलला. तळहाताची कातडी पांढरी पडली होती. वास मास्तरांनाही आला.

बायकोनं आवाज चढवला नाही. "सांगितलं नाहीत ना?"

तो हळूच म्हणाला, "मी बसतोय ना मागे. माझंच बोट, माझाच जीव."

"तुम्ही मागे बसणार," ती म्हणाली. "पुढे कोण बसणार?"

आता बघा, अकरा वर्षं पाळलेला नियम, आणि त्यातली मेख त्या वेळी त्याच्या ध्यानात आली. तो नियम मरायला भिणाऱ्या माणसासाठी होता. म्हातारीसोबत गेलो तर सोनं झालं, असं ज्याला मनातून वाटतं, त्याच्यापुढे तो नियम काय करणार? आणि असं त्याला वाटत होतं. दोन महिने वाटत होतं.

भाची टोपीचा पट्टा लावत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि तळहात पुढे केला. म्हणाला, "शेपटीतली तार मी बघितलेली नाही. मला बोटांनी दिसत नाही आता."

तिनं हाताकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. रागावली नाही, हेच त्याला जास्त लागलं. तिनं फक्त टोपी काढली.

शेपटीची झडप उघडली. मास्तरांचा हात मनगटापुढे जाईना. भाचीनं तार बांधलेली, तिला नियमानं बघता येईना. तेव्हा बायकोनं बांगड्या काढून त्याच्या कोटाच्या खिशात टाकल्या आणि हात कोपरापर्यंत आत घातला. काय शोधायचं ते तो बाहेरून सांगत गेला. तिनं डोळे मिटले. चाळीस वर्षं कापडाच्या उलट्या बाजूचे टाके तिनं असेच तपासले होते.

"इकडच्या टोकाला टाका आहे. घट्ट आहे, शेवट आत दुमडलाय," ती म्हणाली. मग हात पुढे सरकला. "तिकडच्या टोकाला काही नाही."

"नीट बघ अगं."

"नुसतं भोक आहे. रिकामं."

भाची तिथंच मातीत बसली. पहिलं टोक बांधून झालं तेव्हा शाळेतून तिला फोन आला होता. ती बोलून परत आली, पक्कड तिथंच पडलेली दिसली, तिला वाटलं काम झालं. म्हणून तर दुसऱ्याचं बोट असतं.

लोकांना सांगितलं, इंजिनात थोडा दोष आहे. खुर्च्या गेल्या, किटली गेली. मास्तर नोंदवही घेऊन बाकावर बसले आणि दोन महिन्यांतल्या दहाबोट्याच्या सह्या मोजू लागले. चौदा भरल्या. त्या दिवशी त्यांनी तो विनोद केला नाही.

चौदाही जागा परत उघडल्या. तीन आठवडे लागले. आणखी दोन ठिकाणी तार सैल निघाली. सरकारी तपासनीस येऊन कागद करून गेला. शेपटीत त्याचाही हात जाईना. तिथं शेवटचं बोट बायकोचंच फिरलं.

नियम सगळ्यांना पाठ होता. मग बायकोच म्हणाली, "मलाच बसायचं ना मग?" ती आयुष्यात विमानात बसलेली नव्हती. त्यानं अंगातला कोट काढून तिला घातला. बाह्या लांब होत्या, तिनं त्या दुमडल्या.

बारा मिनिटांचं उड्डाण ठरलं होतं. म्हातारी उठली, शेडवरून एकदा वळली आणि झाडांमागे गेली. नऊ सिलिंडरांचा आवाज बारीक होत होत नाहीसा झाला. चाळीस वर्षं त्यानं जमिनीवरून विमानं सोडली होती. नियम काय चीज आहे, ते त्याला आज कळलं. मास्तर घड्याळ बघत होते. बारा झाले. तेरा झाले. मास्तरांनी घड्याळ बाहीखाली झाकलं. दहाबोटे मान एका बाजूला कलती करून उभा राहिला. कान अजून शाबूत होते, आणि कानांत काही येत नव्हतं.

पंधराव्या मिनिटाला झाडांमागे गुणगुण झाली.

म्हातारी टेकली, डुलत आली, थांबली. त्यानं हात वर केला आणि बायको त्या हाताला धरून पंखावरून खाली उतरली. तिचा चेहरा पांढराफटक होता. कसं वाटलं, मास्तरांनी विचारलं. ती त्याच्याकडे बघून बोलली.

"मागून काही दिसत नाही हो. पुढच्या पोरीचं डोकं तेवढं दिसतं."