ताईच्या सासूला सांगितलेली भुताची गोष्ट

मी मुळातच खुनशी. कोणी वाकडं वागलं की ते माझ्या डोक्यातून जात नाही, आणि गेल्याचं सोंगही मला जमत नाही. त्यामुळे ताईच्या सासूचा सूड घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यात काही गैर आहे असं मला वाटलंच नाही.

त्या वर्षी आमचं बुऱ्हाणपूर नागपूरकडून सुटून भोपाळला जोडलं जाणार, अशी बोलणी होती आणि घरातल्या पुरुषांना दुसरा विषय नव्हता. मी मॅट्रिकला होते, आमच्या घरातून मॅट्रिकला बसलेली पहिलीच मुलगी. ताई जवळच बहादरपूरला दिलेली, केळीच्या बागाईतदाराकडे. माझी परीक्षा चालू असताना ती मुदतीच्या तापाने गेली, आणि मला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. सासरहून निरोप यायच्या आतच सगळं आटोपलं, असं आई म्हणाली. पुढे कानावर आलं की ताई पंधरा दिवस आजारी होती आणि सासू तिच्या खोलीला बाहेरून कडी घालायची. पंधरा दिवसांत आम्हाला कळवायला या बाईला एक बैलगाडी जुंपवली नाही. वर गावभर सांगत होती, मी सुनेच्या पायथ्याशी बसून सेवा केली.

वैशाखात आमच्याकडे उडदाचे पापड घातले. गल्लीतल्या बायका लाटायला आल्या. आईने विहिणीलाही बोलावलं आणि बसायला चांगला पाट दिला. माझं डोकंच फिरलं.

हत्यार मला इंग्रजीच्या मास्तरांनी आधीच दिलेलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक भुताची गोष्ट आम्हाला अभ्यासाला होती. मास्तर म्हणायचे, या गोष्टींत भूत फार थोडं असतं. आधी घर इतकं ओळखीचं करायचं की ऐकणाऱ्याला त्यातली पायरी न् पायरी ठाऊक व्हावी. मग एकच वस्तू जागची हलवायची. घाबरणारं माणूस भित्रं घ्यायचं नाही. ठाम घ्यायचं, सगळं ठीक आहे म्हणणारं, पण पोटात काहीतरी दडवलेलं. सगळी भीती त्या दडवण्यात असते.

लाटताना बायकांना गोष्ट लागतेच. मी सुरू केली. विलायतेतलं धुकं आमच्या बायकांच्या काय कामाचं? ते काढून मी आमची दुपार घातली. लोटलेल्या खिडक्या, तापलेली कौलं, बाहेर चिटपाखरू नाही. घराची मालकीण एक मडम, कमरेला किल्ल्या, टापटिपीची भारी. सून तापाने मेलेली. मडमेच्या तोंडी मी विहिणीचंच वाक्य घातलं, पायथ्याशी बसून सेवा केल्याचं. ही मडम रोज दुपारी त्या रिकाम्या खोलीला कडी घालते, आणि रोज कडी निघालेली असते.

गल्लीतले विणकरांचे माग जेवणासाठी थांबायची वेळ मला माहीत होती. तोवर मी गोष्ट लांबवली. खडखडाट थांबला आणि घर एकदम सुन्न झालं. मग मी हळूच म्हटलं, त्या दिवशी मडमेने कडी घालून हात तसाच कडीवर दाबून धरला, आणि आतून कुणीतरी पाणी मागितलं.

विहिणीचं लाटणं थांबलं. मला इतका आनंद झाला, की लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. या सगळ्या बायकांसमोर तिनं कबूल करावं, एवढंच मला हवं होतं. मी सरळ विचारलं, "मावशी, ताईच्या खोलीला कडी कोण घालायचं?"

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. ती चिडली नाही.

"म्याच घालत होती. तापात उठे अन् बुऱ्हाणपूरच्या रस्त्याले लागे. दोनदा वावरातून धरून आणली तिले. पानी नाही मागे ती, तुले मागे. म्या दोन खेपा गाडी धाडली. तुही माय म्हने, पोरीची परीक्षा हाय, सरली का धाडते."

मी आईकडे पाहिलं. हे खोटं आहे, एवढं तरी तिनं म्हणावं. ती लाटतच राहिली. पापड केव्हाच पुरेसा पातळ झाला होता, मधून फाटला, तरी लाटत होती. इतके दिवस विहिणीने सगळा बोल स्वतःवर घेतला होता आणि आईने घेऊ दिला होता. कुणीतरी मला विचारलं, मग मडमेचं काय झालं? मी उठून आत गेले.

सूड मी घेतलाच, फक्त माणूस बदललं. मला आईचा राग होता, आणि ती परीक्षा मी मन लावून दिली म्हणून माझाही होता. पण स्वतःवर काढता येत नाही, तो सगळा मी तिच्यावर काढला. निकाल लागला, मी पास झाले. त्या दिवसापासून मी आईशी बोलणं टाकलं. तिनं कधी सफाई दिली नाही, मी मागितली नाही. दोन वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, ती रोज जेवताना विचारायची, "भाकर वाढू का?" आणि मी ताटावर आडवा हात धरायचे.