जुन्या तांदळाचं स्टिकर

मॅडमनी डबा उघडला आणि माझ्यापुढं सरकवला. म्हणल्या, "हात घाल."

बिलाचं काउंटर. मागं धा-बारा गिऱ्हाईकं ट्रॉल्या घेऊन उभी. मला पॅकिंगच्या खोलीतनं बोलवून आणलेलं, हाताला बेसनाची भुकटी तशीच. डब्यात मसालेभात. आदल्या दिवशी त्यांच्या पोरीचं केळवण झालतं, आणि भाताचा पार गिचका झालता. तांदूळ आमच्या मार्टमधनं नेलेला. पाकिटावर स्टिकर 'जुना आंबेमोहर'. पॅकिंग माझं.

म्या शेठकडं बघितलं. शेठ म्हणले, घाल की, मॅडम सांगत्यात ना.

घातला. गार, चिकट. बोटाला काजूचा तुकडा लागला.

"आडनाव काय तुझं?"

सांगितलं.

"हां. मग बरोबर."

आणि शेठकडं वळून, मी तितं उभीच न्हाई असं, "यांच्यात रेशनचा शिजतो. यांना जुना-नवा काय कळणार? तुम्ही पण कुणालाही बसवता."

मागं कुणीतरी हसलं. शेठबी हसले, गिऱ्हाईक हसलं की हसतात तसं. मला म्हणले, सॉरी म्हण. मी म्हणले. आवाज निघाला न्हाई म्हणून परत म्हणले. मग भाताचा हात तसाच वर धरून सगळ्या ट्रॉल्यांच्या मधनं मागं गेले. धुतला. पुढची पाकिटं भरली. रवा व्हता.

रडूबिडू आलं न्हाई. मैत्रिणी विचारतात, राग आला असंल ना. खरं सांगू का, काहीच आलं न्हाई. रवा किती बारीक आहे ते बघत बसले.

थांबा, आधी दुकान कसं चालतं ते सांगते, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई.

भोरमधलं मार्ट. मी विंझरची, सकाळची एसटी, नसरापूर फाट्यावर गाडी बदलायची, साडेनऊला हजर. बारावी झालीय, बीए बाहेरनं चाललंय. माल टेम्पोतनं येतो. गोडाऊनला नाना आहेत, साठीचे, पालीचे. ते पोती उतरवून घेतात आणि तोंडाला सुतळी बांधतात. जुन्या तांदळाला हिरवी, नव्याला पांढरी. का तर पोत्यावर लिवलेलं घासून जातं, सुतळी ऱ्हाती. मी पोतं घेते, सुतळी बघते, काट्यावर कोड मारते, वजन आणि नाव छापून स्टिकर निघतं. सुनंदाताई पाकिटं रॅकवर लावतात. प्राजक्ता काउंटरला स्टिकरवर मशीन धरते, टुक्. झालं.

आता बघा हां. प्राजक्ता पाकीट फोडून बघत न्हाई. ती माझ्या स्टिकरवर चालते. सुनंदाताईबी माझ्याच स्टिकरवर. मी नानांच्या सुतळीवर. नाना शेठच्या शब्दावर. मागच्यानं बरोबर केलंय असं धरायचं आणि पुढं ढकलायचं. तसं न्हाई धरलं तर एक दिवस दुकान चालणार न्हाई. मला ते लई आवडायचं, खरंच. मी काट्यावर नंबर दाबला की पुढं काउंटरला प्राजक्ताच्या कॉम्प्युटरवर नाव उमटतं, आमी दोघी भिंतीच्या दोन बाजूला. एकशेचाळीस कोड पाठ व्हते मला. काट्याशेजारी चिकटवलेली कोडांची यादी जुनी, निम्मे कोड बदललेले. नवे सगळे माझ्या डोक्यात.

दिवाळी झाली. भाताची झोडणी झाली, गिरण्या सुरू झाल्या. त्या आठवड्यात माझ्याकडं हिरव्या सुतळीचं पोतं आलं. तोंड सोडलं आणि वास आला.

माझी आई दुसऱ्याच्या खाचरात लावणीला वाकती. मीबी वाकलीय, सातवीपासनं. झोडणीला जातो, मजुरीत भात मिळतं, ते कांडून आणतो. रेशनचाबी शिजतो आमच्यात, खोटं कशाला बोलू. पण नवा आंबेमोहर मला डोळे बांधून कळतो. एक दाणा दाताखाली धरला. जुना कट् करून तुटतो. हा दबून चपटा झाला.

शेठ गोडाऊनमधीच व्हते. म्या जाऊन सांगितलं, शेठ, पोतं बदललंय, सुतळी हिरवी हाय पण तांदूळ नवा हाय. शेठ मोबाईलमधनं वर न बघता म्हणले, "तुला स्टिकर लावायला ठेवलीय. वास घ्यायला न्हाई."

नाना तितंच व्हते. खाली बघत झाडू मारायला लागले, जागा झाडलेलीच व्हती. नंतर जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणले, पोरी, जुना माल संपला, आणि लग्नसराईची मागणी आली. हिरवी सुतळी शेठनीच हातात दिली.

मी परत खोलीत गेले. कोड मारला. जुना आंबेमोहर. जुना आंबेमोहर. जुना आंबेमोहर. संध्याकाळपतुर पोतं रिकामं केलं.

हे लपवणार न्हाई. म्या केलं.

आता डब्याच्या दिवसावर येते. मॅडम गेल्यावर तासाभरानं शेठनी केबिनमधी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. माझ्या निष्काळजीपणामुळे नवा तांदूळ जुना म्हणून विकला गेला, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, मी ग्राहकांची माफी मागते. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. सही करायची, कागद छातीशी धरायचा, शेठ फोटो काढणार. फोटो मॅडमला जाणार आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर जाणार. का तर मॅडमनी त्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांना आधीच सांगितलं व्हतं, दुकानाचं नाव खराब झालं असतं.

त्या ग्रुपमधी भोरचं अख्खं मार्केट आहे. कापडवाले, किराणावाले, मोबाईलवाले, मेडिकलवाले. मी उद्या कुठंबी काम मागायला गेले तर माझ्या आधी माझा फोटो तितं पोचलेला असणार. भेसळवाली पोरगी. आणि आडनाव बघून परत कुणीतरी म्हणणार, हां, मग बरोबर.

शेठ चांगल्या आवाजात बोलत व्हते. म्हणले, काढून टाकत न्हाई तुला, बघ. फक्त सही. काम चालू ऱ्हाईल. पाच मिनटं विचार कर.

मी बाहेर आले. नानांकडं गेले. नाना म्हणले, माझं आता वय झालं, मला हितनं काढलं तर कोण घेतंय. सुनंदाताई बिस्किटाच्या पुड्यांची तोंडं पुढं करत व्हत्या, एकेक, एकेक, माझ्याकडं न बघता. प्राजक्ता स्कॅन करता करता म्हणली, "कर ना गं सही. दोन दिवसांत विसरतात लोक. त्या बिलावर माझं पण नाव छापलंय, मी रडतीय का?"

ती भोरचीच, बाजारपेठेतली. तिचे वडील हापिसात. तिचं आडनाव कुणी विचारलं न्हाई. पण ती वाईट न्हाई. डबा रोज दोघी मिळून खायचो.

मी तितं साबणाच्या रॅकजवळ उभी ऱ्हायले आणि मला एकदम दिसलं. म्हणजे आधीबी दिसत व्हतं, पण आता दिसलं. ह्या तिघांनी आत्ता जे केलं तेच मी त्या पोत्यापाशी केलतं. माहीत असताना खाली बघितलं आणि पुढं ढकललं. नानांनी माझ्याकडं, म्या सुनंदाताईंकडं, ताईंनी प्राजक्ताकडं, प्राजक्तानं मॅडमकडं. माल सगळ्यांच्या हातनं गेला. आणि परत येताना कुणाच्याच हातात थांबला न्हाई, सरळ माझ्यापाशी आला. कारण माझ्यापाशी आला की सगळ्यांना बरोबर वाटतं. मॅडमना, शेठना, ट्रॉलीवाल्यांना. मलापण वाटायला लागलं व्हतं. सॉरी मी उगंच दोनदा न्हाई म्हणले.

केबिनमधी गेले. दार लावलं न्हाई. काउंटरपतुर ऐकायला जातंय ते माहीत व्हतं मला.

म्हणले, "शेठ, सही करते. पण माझ्या सहीच्या वर तुमची पायजे. सुतळी तुमी दिली, मग पोतं आलं, मग माझं स्टिकर. ज्या क्रमानं काम झालं त्या क्रमानं सह्या."

नानांचं नाव म्या घेतलं न्हाई.

शेठ हसले. मग हसायचे थांबले. बाहेर स्कॅनरची टुक् टुक् थांबली व्हती. शेठ म्हणले, "जास्त शिकलीस का? उद्यापासून यायचं न्हाई."

बरं म्हणले. ॲप्रन काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला. एसटीत खिडकी मिळाली. विंझरला उतरले. आईला कागदाचं सांगितलं, काम गेल्याचंबी. आई चुलीपुढं बसलेली, म्हणली, "सही केली का?" म्हणलं न्हाई. तिनं भाकरी उलटली.

चौथ्या दिवशी प्राजक्ताचा फोन. दबक्या आवाजात, पाठीमागं गोंधळ. म्हणली, नवी पोरगी बसवलीय पॅकिंगला, तिनं मूगडाळीवर पोह्याचं स्टिकर लावलं, रॅक निम्मं रिकामं, लाईन दारापतुर, मला शिव्या बसतायत. मूगडाळीचा कोड काय गं? मी सांगितला. तोंडातनं आपोआप गेला. साबुदाण्याचा सांगितला, शेंगदाण्याचा सांगितला. तिचे हाल का करू.

मग म्हणली, जुना आंबेमोहर.

म्हणलं, पोत्यात कोणता हाय?

तिनं आवाज आणखी बारीक केला. मग म्हणली, शेठ इथंच उभे आहेत. तू फक्त नंबर सांग. आणि शेठ म्हणतात, सोमवारपासून ये, कागदाचं राहू दे.

म्हणजे कामबी परत, फोटोबी न्हाई. आईची मजुरी लावणी-झोडणीपुरती, मधले महिने माझ्या पगारावर. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, एकाएकी, रांगेनं. मी नंबर ओठावर धरून उभी व्हते. तीन आकडे.

म्हणलं, "नवा असंल तर नव्याचा सांगते. जुन्याचा सांगणार न्हाई. फोन स्पीकरवर टाक, शेठलाबी ऐकू दे."

फोन बंद झाला. परत आला न्हाई.

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर काय गेलं मला माहीत न्हाई. दोन दुकानांत विचारून आले, जागा न्हाई म्हणले. तिसऱ्या दुकानात उद्या जाणार. तितं आधीच सांगणार, मी भरलेल्या पाकिटात जे असंल तेच वर लिवणार. मी बघितलेलं दाबणार न्हाई आणि दुसऱ्यानं दाबलेलं माझ्या नावावर घेणार न्हाई. ठेवा, न्हाईतर नका ठेवू. चौथं दुकान हाय, पाचवं हाय, भोर संपलं तर नसरापूर हाय. सगळीकडं हेच सांगणार. कुणालाबी सॉरी म्हणणार न्हाई.